अंतरवाली सराटीच्या आंदोलनात डीजे वाजला, पण शाहीर कुठे गेला? अमर शेख यांचा वारसा आज काय सांगतो?

29 ऑगस्ट 2023. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटी गावात मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे पोलिसांनी लाठीमार केला. तोपर्यंत राज्यातल्या बहुतेकांनी नावही न ऐकलेलं हे गाव एका दिवसात प्रत्येक मोबाईलवर पोहोचलं. बरोबर दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 2025 रोजी, जरांगे मुंबईतल्या आझाद मैदानात उपोषणाला बसले.

याच तारखेला, 29 ऑगस्ट 1969 रोजी, शाहीर अमर शेख यांचं अपघातात निधन झालं होतं. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पण आंदोलनात गाण्याचं काम काय असतं, हे समजून घ्यायचं असेल तर अमर शेख यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. कारण मराठी माणसाला रस्त्यावर उतरून गायला ज्यांनी शिकवलं, त्यांत त्यांचं नाव फार वर आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ते त्या काळातले रॉकस्टार होते. फक्त हातात गिटारऐवजी डफ होता.

कोण होते अमर शेख?

त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916 चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. बार्शी म्हणजे मराठवाड्याचा उंबरठाच. घरची गरिबी, त्यामुळे मिळेल ते काम करत ते मोठे झाले. गिरणीत कामगार होते, तिथेच संपात उतरले आणि कम्युनिस्ट चळवळीत आले.

1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. अमर शेख मुस्लिम. एकाची लेखणी, दुसऱ्याचा खडा आवाज आणि तिघांचीही शाहिरी. हे कलापथक गिरणगावातल्या चाळींपासून खेड्यातल्या पारापर्यंत फिरलं.

त्यांनी नवीन काय केलं?

पोवाडा तर शिवकाळापासून होता. पण तो मुख्यतः राजांचा, सरदारांचा आणि लढायांचा. या मंडळींनी पोवाड्याचा नायकच बदलला. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला, बंगालच्या दुष्काळावर लिहिला. तमाशाची सुरुवात गणपतीच्या गणाने व्हायची, तिथे त्यांनी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केलं. गवळण काढून टाकली. पुढे सरकारने कलापथकाच्या तमाशांवर बंदी घातली, तेव्हा त्याच ऐवजाने 'लोकनाट्य' नावाने रंगमंच गाठला.

दुसरा बदल सभेतला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी यांच्यासारख्या नेत्यांच्या सभा गाजल्या. पण भाषणाआधी शाहिरी व्हायची आणि ती ऐकायला माणसं लवकर येऊन बसायची. नेत्याने मुद्दा मांडण्याआधी शाहिराने तो लोकांच्या तोंडात बसवलेला असायचा. भाषण घरी जाईपर्यंत अर्धं विसरलं जातं, गाणं मात्र शेतात पोहोचतं.

अण्णाभाऊंची मैनेची छक्कड घ्या. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस आणि गावाकडे राहिलेली त्याची बायको, अशी ती विरहाची गोष्ट. ऐकता ऐकता तीच गोष्ट महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारची होते. सीमाप्रश्नावरचं राजकारण न कळणाऱ्या माणसालाही ताटातूट कळत होती.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. मराठी भाषकांच्या राज्यासाठी गाणारा हा आवाज एका मुस्लिम शाहिराचा होता, शब्द एका मातंग लेखकाचे होते आणि समोरच्या गर्दीत मराठा शेतकरी, माळी, आगरी, दलित, गिरणी कामगार सगळेच होते. मागणी एक होती आणि गाण्यातल्या 'आपण' या शब्दात सगळे मावत होते.

मग अंतरवालीत काय बदललं?

त्याआधी 2016 मध्ये डोकवावं लागेल. कोपर्डीच्या घटनेनंतर 9 ऑगस्ट 2016 रोजी तेव्हाच्या औरंगाबादमध्ये मराठा क्रांती मोर्चा निघाला आणि पुढे राज्यभर मोर्चांची रांग लागली. त्यांची ओळखच 'मूक मोर्चा' अशी होती. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. लाखोंची गर्दी शांतपणे चालते, शेवटी मुली निवेदन देतात, हे दृश्य तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं.

2023 च्या आंदोलनाचा आवाज याच्या अगदी उलट होता. 14 ऑक्टोबर 2023 ची अंतरवालीतली विराट सभा, जानेवारी 2024 मध्ये अंतरवालीहून मुंबईच्या दिशेने निघालेला मोर्चा, गावोगावी जेसीबीतून फुलांची उधळण, डीजे, हलगी आणि 'एक मराठा, लाख मराठा'ची घोषणा. जरांगे यांच्यावर गाणी निघाली, रील्स झाले, 2024 मध्ये सिनेमाही आला.

शांत मोर्चातून फारसं काही हाती लागलं नाही, अशी भावना या आवाजामागे होती. 2018 मध्ये दिलेलं आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये रद्द केलं होतं. त्यामुळे नव्या पिढीने आवाज वाढवला, हे समजण्यासारखं आहे.

आजच्या गाण्यांची एक जमेची बाजूही आहे. अमर शेख यांना कलापथक लागायचं, पक्ष लागायचा, सभा लागायची. आज गावातला मुलगा मोबाईलवर गाणं रेकॉर्ड करतो आणि रात्रीतून ते जिल्हाभर वाजतं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

फरक आहे तो गाण्याच्या आशयात. कलापथकाची गाणी प्रश्न सांगायची. दुष्काळ का पडला, भाकरी का महागली, मुंबई कुणाची. आजची बरीचशी आंदोलनाची गाणी नेत्याचा गौरव आणि जातीचा अभिमान यांभोवती फिरतात. रीलला काही सेकंदांचा ठेका लागतो. त्यात नाव बसतं, घोषणा बसते, पण शेतीची तुकडेवारी, हमीभाव, नोकऱ्यांची टंचाई बसत नाही. खरं तर या आंदोलनात पोवाड्याला पुरून उरेल असा ऐवज आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीपुढे मोडी आणि उर्दूतले जुने कागद आले. निजामाच्या काळातलं एक गॅझेट 2025 मध्ये शासन निर्णयाचा आधार झालं. आजोबांची जात कुठल्या कागदावर काय लिहिली होती, यावर नातवाचं कॉलेज ठरतं. एखाद्या शाहिराने याचं सोनं केलं असतं.

मुद्दा फक्त संगीताचा आहे का?

नाही. अंतरवाली सराटीपासून काही किलोमीटरवर वडीगोद्री आहे. जून 2024 मध्ये तिथे लक्ष्मण हाके ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी उपोषणाला बसले. एकाच तालुक्यात दोन उपोषणं, दोन मंडप आणि दोन घोषणा. या भागातल्या माणसांचे बाजार, शाळा, एसटी आणि दवाखाना मात्र एकच आहेत.

अशा ठिकाणी गाणं निरागस राहत नाही. मोबाईलची रिंगटोन, ट्रॅक्टरवर वाजणारं गाणं, लग्नाच्या वरातीत डीजेला दिलेली फर्माईश, यावरून समोरचा कुठल्या बाजूचा हे ओळखलं जातं. गर्दी जमवणारं गाणं कुंपणही घालू शकतं, आणि ते रोज एकमेकांच्या बांधाला बांध लावून शेती करणाऱ्यांना ओलांडावं लागतं.

यात आणखी एक घटक आहे, ज्याची चर्चा होत नाही. हलगी वाजवणारे हात पिढ्यानपिढ्या प्रामुख्याने मातंग समाजाचे आहेत. मोर्चा कुणाचाही असो, हलगी बहुतेक वेळा त्यांचीच. या समाजाचाही आरक्षणाचा स्वतंत्र प्रश्न आहे. अनुसूचित जातींच्या कोट्यात अ, ब, क, ड असं वर्गीकरण व्हावं, ही त्यांची जुनी मागणी. 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असं उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली. 1 ऑगस्ट म्हणजे अण्णाभाऊ साठे यांची जयंती. दोन्ही बाजूंच्या मोर्चात वाजणाऱ्या या माणसांचा प्रश्न मात्र कुठल्याच बाजूच्या गाण्यात येत नाही. लाल बावट्याच्या कलापथकात वाजवणारा, लिहिणारा आणि गाणारा एकाच मंचावर होता. तो मंच आज मोडला आहे.

शाहिरी संपली का?

तसंही म्हणता येणार नाही. वामनदादा कर्डक यांनी आंबेडकरी चळवळीची गाणी वाड्यावस्त्यांवर नेली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा 1978 ते 1994 असा चालला, तोही गाण्यांशिवाय उभा राहिला नव्हता. पुढे विलास घोगरे, संभाजी भगत यांनी शहरातल्या वस्त्यांमध्ये तोच धागा धरला. आणि 2023 च्या एप्रिलमध्ये, अंतरवालीचं उपोषण सुरू होण्याच्या काही महिने आधी, राज्यातल्या राजकारणावर मराठी रॅप केल्याबद्दल दोन तरुणांवर पोलीस कारवाई झाली. त्यातला एक याच मराठवाड्यातला. डफाच्या जागी बीट आली, पण सत्तेला प्रश्न विचारण्याची जुनी खोड तीच होती.

जुनं गाणं वाद्य बदलून परत येऊ शकतं, याचं उदाहरण चिलीत आहे. व्हिक्टर हारा हा तिथला लोकगायक. 1971 मध्ये त्याने एका रॉक बँडसोबत, इलेक्ट्रिक गिटार घेऊन शांततेचं एक गाणं रेकॉर्ड केलं. 1973 च्या लष्करी उठावात त्याची हत्या झाली. 2019 मध्ये महागाई आणि विषमतेविरुद्ध चिलीतले लोक रस्त्यावर आले, तेव्हा हजारो जणांनी तेच गाणं पुन्हा गायलं. त्यातले कितीतरी जण त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेले होते. ते गाणं एका गटाचं नसल्यामुळे पुढच्या पिढीला उचलता आलं.

पुढे काय?

2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला आणि आझाद मैदानातलं उपोषण सुटलं. ओबीसी संघटनांनी त्याला विरोध केला. म्हणजे प्रश्न कागदावर आणि न्यायालयात पुढे चालूच राहणार, आणि अंबड तालुक्यातल्या गावांना तोवर एकत्र राहायचं आहे.

मराठा तरुणाला नोकरी हवी आहे, धनगर-माळ्याच्या पोराला मिळालेली जागा टिकवायची आहे, हलगीवाल्याच्या मुलीला कोट्यात आपला वाटा हवा आहे. तिघांच्याही शेतावर पाऊस सारखाच चुकतो आणि तिघंही त्याच मोजक्या सरकारी जागांकडे बघतात. बार्शीच्या गिरणीतून आलेल्या शाहिराला विषय म्हणून हे पुरेसं होतं. आज माईक, मोबाईल आणि स्पीकर त्याच्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहेत. या तिघांना एकत्र ऐकावंसं वाटेल असं गाणं अंबड तालुक्यातून निघतं का, हे बघायचं आहे.