बाटलीत न मावणारा माड



आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने परवा मला चांगलंच कोड्यात टाकलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. त्या एका दुपारी तिच्या आजोबांच्या वाडीतले अकरा माड आडवे झाले. मधला एक जुना माड तेवढा ताठ उभा राहिला. आजोबांनी नारळ रुजत घातले, पुढच्या पावसाळ्यात रोपं लावली. त्यांना अजून नारळ धरायचेत. आणि बाबांनी गेल्या वर्षी टिश्यू कल्चरची केळी लावली, तिचे घड उतरवूनही झाले!

"बाई, केळीची रोपं बाटलीत करतात ना? मग आमचा न पडलेला माड तसाच का नाही करत?"

आता आधी केळीचं बघू. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. अशा मुनव्याच्या आतला इवलासा कोंब कापून घेतात, जंतू राहू नयेत म्हणून स्वच्छ करतात आणि बाटलीत ठेवतात. बाटलीत साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरकं घातलेली जेली असते. ती ज्याच्यामुळे घट्ट होते त्या पदार्थाचं नाव 'अगार'. आपल्या नारळीच्या आगराशी त्याचं काही नातं नाही बरं का. तो समुद्रातल्या शेवाळापासून काढतात! एका कोंबाचे अनेक कोंब होतात, ते वेगळे करून पुन्हा बाटलीत घालतात. मग मुळं फुटली की रोपं ट्रेमध्ये सावलीत वाढवतात. सगळी रोपं मूळ केळीची झेरॉक्स कॉपी! यालाच ऊतिसंवर्धन म्हणतात.

आता माडाकडे बघा. त्याला ना मुनवे, ना फांद्या. वाढीचा कोंब एकच, तोही पार शेंड्यात. तो काढला की माड मेलाच. म्हणून तर गेंड्या भुंग्याने शेंडा पोखरला की वाडीवाले घाबरतात. आंब्यासारखं कलमही बांधता येत नाही.

गंमत म्हणजे बाटलीतल्या इतर रोपांना माडानेच दूध पाजलंय! १९४१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी नारळाचं पाणी घालून धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ बाटलीत वाढवले. पुढे गाजराच्या पेशींनाही ते मानवलं. माड स्वतः मात्र हटून बसला. २०२१ साली बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी नारळाच्या गर्भातून आलेल्या कोंबाला अनेक कोंब फोडायला लावल्याचं जाहीर केलं. पण आपल्या वाडीतला माड अजून नारळातूनच उगवतो.

पण मुलांनो, सगळं एकसारखं असणं नेहमी चांगलंच असतं का? पूर्वी जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' नावाची केळी विकली जायची. तिची सगळी झाडं सारखीच. पनामा रोग आला आणि १९५०-६० च्या सुमारास तिच्या बागाच्या बागा बसल्या. एकाला जे झालं तेच सगळ्यांना! नारळाचं तसं नाही. फुलाला पराग शेजारच्या माडाचाही मिळतो. त्यामुळे प्रत्येक रोप आईसारखं, तरी थोडं वेगळं.

हे सगळं त्या मुलीने घरी जाऊन आजोबांना सांगितलं. आजोबा हसले नि म्हणाले, "अगं, तू ज्यांना पाणी घालतेस ना, ती त्याच माडाची पोरं हायत! दुसऱ्या कुठल्या माडाचे नारळ मी रुजत घातलेच नाय."

आता ती रोज शाळेतून आली की आधी रोपांची नवी झावळी मोजते.

तुम्हीही करून बघा. सोललेल्या नारळाला तीन डोळे असतात. त्यातला मऊ कोणता ते काडीने शोधा. कोंब तिथूनच बाहेर येतो. आणि घरात कोणी नारळ रुजत घालणार असेल, तर विचारा, "हा कुठल्या माडाचा?"

तुमच्या बाई