खटक्याच्या बाजूने

समोरच्या काचेवरचं धुकं घालवण्यासाठी ज्या गाडीत आधी दुसऱ्या एका काचेत डोकं घालावं लागतं, ती गाडी महाग असेल. तिला उंची म्हणायला मी तयार नाही. कोट-दीड कोट मोजून माणूस विकत काय घेतो? माझ्या समजुतीप्रमाणे निश्चिंती. हात गेला तिथे हवी ती वस्तू सापडावी आणि तिने एकदा सांगितलेलं ऐकावं. महागड्या गाड्यांमधून आज नेमकी हीच गोष्ट काढून घेतली जाते आहे आणि वर तिचेच जास्त पैसे लावले जात आहेत.

खटका हा आपला जुना, चांगला शब्द आहे. दिव्याचा खटका, पेटीचा खटका. दाबला की टक्क आवाज येतो, बोटाला कळतं की काम झालं. डोळ्यांना त्याची खबरही लागत नाही. टचस्क्रीनवर बोट ठेवलं तर बोटाला कळते ती फक्त काच. बोट बरोबर जागी पडलं का, हे शेवटी डोळ्यांनाच विचारावं लागतं आणि गाडी चालवताना डोळ्यांना दुसरं काम असतं.

हे नवं खूळ तसं नवं नाही. ब्युइक कंपनीने 1986 मध्ये रिव्हिएरा गाडीत टचस्क्रीन बसवून पाहिली आणि चारेक वर्षांत काढून टाकली. 2001 मध्ये बीएमडब्ल्यूने बरीच बटणं उचलून एका पडद्यात घातली, पण पडदा चालवायला निदान हाताखाली एक गोल मूठ दिली. लोकांनी तिला शिव्या घातल्या, कंपनीने ती सुधारली, लोकांचा हात बसला. हात बसला म्हणेपर्यंत कंपनीच्या नव्या छोट्या गाड्यांतून ती मूठच गेली. मर्सिडीजच्या ईक्यूएसमध्ये तर दारापासून दारापर्यंत 141 सेंटिमीटर रुंदीची काच आहे. ही गाडी 2022 पासून आपल्या चाकणमध्ये जोडली जाते आणि या कंपनीचं जर्मनीबाहेरचं सर्वांत मोठं संशोधन केंद्र 1996 पासून इथे बंगळुरात आहे. म्हणजे ही साहेबांच्या देशातली दूरची भानगड नव्हे. गाडीतल्या काचेमागे राबणारे कितीतरी हात आपलेच आहेत, म्हणून त्यांच्याशी भांडायचा मला हक्क आहे.

बटणं का गेली? सौंदर्यदृष्टी, स्वच्छ रेषा वगैरे कारणं माहितीपत्रकात छापायला ठीक आहेत. खरा हिशेब वेगळा आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, स्प्रिंग लागते, वायर लागते, रात्री दिसायला मागे दिवा लागतो आणि ते हजारो वेळा दाबून तपासावं लागतं. तीस बटणांच्या जागी एक पडदा बसवला की हा सगळा खर्च एका झटक्यात वाचतो. शिवाय बटण कुठे असावं याचा निर्णय गाडी कारखान्यातून निघण्याआधी घ्यावा लागतो. पडद्यावरची चूक पुढच्या अपडेटवर ढकलता येते. बचत कंपनीची आणि तिला नाव आपल्या चैनीचं! एकदा सगळं पडद्यामागे गेलं की प्रत्येक सोयीवर भाडंही लावता येतं. सीटमध्ये आधीच बसवलेली गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर चालू करून देण्याचा उद्योग बीएमडब्ल्यूने काही देशांत 2022 मध्ये केला. गिऱ्हाईक चिडलं तेव्हा पुढच्याच वर्षी तो गुंडाळावा लागला.

आतल्या कारागिरीची गोष्टही हीच. दाराच्या वरच्या भागाला मऊ चामडं असतं, कारण शोरूममध्ये हात तिथे जातो. गुडघा लागतो तिथे टणक प्लास्टिक. मधल्या खांबावर चकचकीत काळं प्लास्टिक, ज्याला पियानोचं नाव दिलंय. पियानोवर बोटं फिरावीत म्हणून तो असतो. या काळ्या पत्र्यावर एकदा बोट फिरलं की ठसा उठतो आणि फडक्याने पुसला की ओरखडा. त्यावर उतारा म्हणून चौसष्ट रंगांची रोषणाई. दिवे मंद असले की लाकूड कुठलं आणि लाकडाची फिल्म कुठली हे कोण बघतो?

'वी बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने 2022 मध्ये एक साधी चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगाने गाडी चालवताना रोजची चार कामं करायची: सीट गरम करणं, रेडिओचं स्टेशन लावणं अशी. चालकांना आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता. 2005 ची जुनी, बटणांची व्होल्वो कामं संपेपर्यंत 306 मीटर गेली. अकरा नव्या गाड्यांतली सर्वांत वाईट गाडी गेली 1372 मीटर, म्हणजे जवळपास पाऊण मिनिट.

कुणी म्हणेल, बंगळुरात 110 चा वेग कुणाला मिळतो? सिल्क बोर्डला वीस मिळाले तरी लोक देवाचे आभार मानतात. हिशेब करून पाहा. ताशी वीसच्या वेगाने दोन सेकंद नजर खाली गेली तर गाडी अकरा मीटर पुढे सरकते. स्वीडनच्या महामार्गावर अकरा मीटरांत काही नसतं. आपल्याकडे त्या अकरा मीटरांत उलट दिशेने येणारी स्कूटर असते, खड्डा असतो, दुभाजक ओलांडणारी बाई आणि तिच्या हातातलं पोर असतं.

माझ्याकडे अशी एक परदेशी गाडी आहे. नाव सांगत नाही, कारण आडात आहे तेच सगळ्यांच्या पोहऱ्यात आहे. गेल्या पावसाळ्यात मारतहळ्ळीजवळ बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही चौघं, आणि काच आतून पांढरी झाली. चालवणारे आमचे ड्रायव्हर तीस वर्षं गाडी चालवतायत. त्यांनी पडद्याकडे हात नेला तर तिथे आधी एक सूचना उभी: वाहन चालवताना पडद्याकडे पाहू नये, मान्य आहे का? मान्य केल्याशिवाय पुढे जाता येईना! मग मेनू, मग हवेचं चित्र, मग त्यात काचेचं चित्र. शेवटी त्यांनी एका हाताने खांद्यावरचा पंचा काढला आणि काच पुसली. गाडीतली सर्वांत भरवशाची यंत्रणा त्या संध्याकाळी तो पंचा होती.

आता मुख्य मुद्दा. आपल्या देशात अशा गाडीचा मालक पुष्कळदा मागे बसतो. पडद्याच्या जाहिराती त्याच्यासाठी असतात, पडद्याशी झटापट मात्र पुढच्या माणसाची. आमच्या ओळखीच्या एका घरी जुन्या ड्रायव्हरला नवी गाडी आल्यावर दोन महिन्यांत निरोप दिला गेला. कारण काय, तर 'त्यांना नवीन गाडी जमत नाही.' अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गाडीला कधी ओरखडा नाही. त्याला गाडी जमत होती. जमत नव्हता तो मेनू. त्या मेनूत युरोपातल्या डझनभर भाषा आहेत. कन्नड नाही, मराठी नाही. कोलारहून किंवा कलबुर्गीहून आलेल्या माणसाला काल रात्रीपर्यंत जे हाताने येत होतं, त्यासाठी आज इंग्रजी वाचावं लागतं. खटक्याला भाषा लागत नाही. तो डावीकडे फिरवला की थंड, उजवीकडे फिरवला की गरम. हे बेळगावात, बंगळुरात आणि बर्लिनमध्ये एकच असतं. अनेक भाषांत जगणाऱ्या वाचकांना यातलं नुकसान वेगळं समजावून सांगायला नको.

यावर उत्तर ठरलेलं: बोला ना गाडीशी, ती ऐकते! ऐकते, पण तिला कळेल अशाच उच्चारात आणि तिच्याच भाषेत. मागच्या सीटवर मूल रडत असताना, बाहेर बस हॉर्न वाजवत असताना पंख्याचा वेग वाढवण्यासाठी एका यंत्राची तीन-तीनदा मनधरणी करणं ही प्रगती असेल, तर मला ती नको. दुसरं उत्तर असं की गाडीत आता शेकडो सोयी आहेत, सगळ्यांना बटणं कुठून आणणार? कुणी मागितली आहेत सगळ्यांना? रोषणाईचा रंग खुशाल दहाव्या पानावर ठेवा. पंखा, तापमान, काचेवरचं धुकं, आवाज आणि वायपर एवढ्यांना जागा द्या. आणि तिसरं, तरुणांना पडदेच आवडतात म्हणे. आवडू देत. सिग्नलला उभं असताना मलाही आवडतात.

या शहराला तर हा धडा नवा असायलाच नको. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. विमान आणि मोटार ही दोन्ही स्वप्नं एकाच माणसाची. पुढे कुर्ल्याला तयार झालेल्या पद्मिनीच्या आठवणीने मी गहिवरत नाही. ती तापायची, खडखडायची आणि चढावर रडायची. पण तिचा चोक अंधारातही सापडायचा. विमानांच्या बाबतीत तर दुसऱ्या महायुद्धातच उलगडा झाला होता. अमेरिकी वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकांचा खटका ओढत आणि विमान पोटावर बसे. दोष वैमानिकांना दिला जात होता. आल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की दोन्ही खटके सारखेच आणि शेजारी आहेत. त्याने एकाला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला फ्लॅपचा. हाताला फरक कळू लागला आणि 'बेफिकीर' वैमानिक एकदम सुधारले! ऑगस्ट 2017 मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाच्या जॉन एस. मॅक्केन या युद्धनौकेची टक्कर झाली, दहा नौसैनिक गेले. चौकशीत सुकाणूच्या टचस्क्रीन व्यवस्थेवर बोट ठेवलं गेलं आणि नौदलाने वेग नियंत्रणासाठी पुन्हा हाताने सरकवायचे दांडे बसवायचं ठरवलं. यंत्र बदललं, कारण माणसाचा हात बदलणार नव्हता.

युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून नियम केला आहे: इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांना खरी बटणं नसतील तर पूर्ण गुण नाहीत. फोक्सवॅगनने नव्या गाड्यांत बटणं परत आणण्याचं जाहीर केलं आहे. आपलं भारत एनकॅप 2023 मध्ये सुरू झालं. गाडी आदळल्यावर आतला माणूस किती वाचतो हे ते पाहतं आणि ते पाहायलाच हवं. पण गाडी आदळू नये म्हणून चालकाची नजर रस्त्यावर राहते का, यालाही गुण असले पाहिजेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये गाड्यांची मानकं लिहिली जातात. तिथल्या लोकांनी एवढं एक पान जोडावं. हातात मोबाइल धरून गाडी चालवली तर 2019 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा पाच हजारांपर्यंत दंड आणि कैदेची शिक्षाही सांगतो. तोच पडदा पन्नासपट मोठा करून कंपनीने डॅशबोर्डवर ठोकला, तर त्याला मात्र चैन म्हणायचं, हा कुठला न्याय?

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर शोरूममध्ये गेलात तर माझं एक ऐका. विक्रेता रोषणाईचे रंग दाखवू लागला की त्याला थांबवा, जो माणूस रोज ही गाडी चालवणार आहे त्याला पुढच्या सीटवर बसवा आणि डोळे मिटून पंखा लावायला सांगा. त्याला जमलं नाही, तर दोष गाडीचा आहे हे विक्रेत्याच्या तोंडावर, त्या माणसाच्या देखत, मोठ्याने म्हणा.