मारुती कांबळे कोण होता?

‘सामना’तल्या मारुती कांबळेचा प्रश्न महाराष्ट्र आजही विचारतो, पण राजकीय टोमणा म्हणून. त्या आडनावावर कुणी थांबत नाही. १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला हा चित्रपट आपल्या पोरांपैकी फार थोड्यांनी पाहिलाय. तेंडुलकरांनी साखरसम्राट हिंदुरावाला निव्वळ खलनायक केलं नाही, की दारुड्या मास्तरला संत. पण विवेकाची सगळी झुंज या दोघांतच! कांबळे उरतो तो फक्त प्रश्न म्हणून. जॉन फोर्डच्या १९६० च्या ‘सार्जंट रटलेज’ या वेस्टर्नमध्ये बलात्कार-खुनाचा आरोप झेलणारा काळा सैनिक निदान कोर्टात स्वतः बोलतो. (नामावलीत गोऱ्या नटाचं नाव आधी, ते वेगळं.) यंदाच्या जयंतीला डीजेचा खर्च कमी करून संग्रामपुरात आम्ही दोन्ही चित्रपट दाखवणार आहोत. चर्चा कांबळेपासून सुरू होईल.