पुरावा आम्हीच का द्यायचा?

"योजना भरपूर आहेत हो, तुमच्या लोकांना माहितीच नसते." हे वाक्य मी साहेबांकडून ऐकलंय, सवर्ण मित्रांकडून ऐकलंय, हल्ली आपल्यातल्या शिकल्यासवरल्यांकडूनही ऐकतो. ते खोटं आहे. माझ्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला शिष्यवृत्तीचे अर्ज कधी सुटतात, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, सगळं पाठ आहे. घोडं अडतं ते पुराव्यापाशी.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर घराणं 10 ऑगस्ट 1950 पूर्वीपासून इथलंच आहे हे दाखवावं लागतं. अनुसूचित जमातींसाठी तारीख 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961. कागद कोणते? आजोबांच्या शाळेचा उतारा, जमिनीचे उतारे, कोतवाल बुकाची नक्कल. ज्या आजोबाला वर्गाबाहेर ठेवलं, त्याच्या शाळेचा उतारा! ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन होऊ दिली नाही, त्याचा सातबारा! ज्याला कुठल्याच गावाने आपलं म्हटलं नाही, त्याचा गावातला रहिवास! जातीने जे हिरावलं, तेच जातीचा पुरावा म्हणून मागतात.

त्यापुढे पडताळणी. बोगस दाखले म्हणजे आपल्याच जागांची चोरी, तेव्हा पडताळणी हवीच. पण राज्याच्या जात प्रमाणपत्र कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच टाकला आहे. चोर पकडायचा खर्च ज्याच्या घरी चोरी झाली त्यानेच भरायचा, हा कुठला न्याय? शाळांची जुनी रजिस्टरं, महसुलाचं दप्तर सगळं सरकारच्याच ताब्यात आहे. ते सरकारने का शोधू नये? माझ्या शेजारच्या मुलीची इंजिनिअरिंगची राखीव जागा वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्याने गेली. तिच्या वडिलांचं प्रमाणपत्र त्याच समितीने दिलेलं होतं.

पोटासाठी राज्य सोडलं तर आणखी पंचाईत. दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झालेल्याला तिथल्या राज्याच्या सवलती मागता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली सांगितलं आणि 2018 साली पुन्हा सांगितलं. सुरतेत किंवा हैदराबादेत घरमालक आडनाव विचारून खोली नाकारतो, तेव्हा त्याला कुठली हद्द आड येत नाही. जात सरहद्द ओलांडते, हक्क ओलांडत नाही.

आता म्हणतात, सगळं ऑनलाइन झालं. झालं काय? तहसीलच्या खिडकीपुढची रांग सेवा केंद्राच्या दारात आली. कागद तेच, आता स्कॅन करून. बुडालेली मजुरीही तीच.

आणि अर्ज कोण भरतं? तुम्ही आणि मी. घरातला पहिला पदवीधर म्हणजे वस्तीचा बिनपगारी कारकून. जन्मनोंद, दाखला, पेन्शन, मयताची नोंद, सगळं आपल्याच मोबाइलवर. हे काम सोडा असं मी म्हणणार नाही. पण नुसते अर्ज भरत राहिलो तर कार्यालयाची कसर आपण झाकतो, एवढंच होतं.

म्हणून अर्जासोबत हिशोबही मागा. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली आहे. पोच घ्या. नकार दिला तर कारण लेखी मागा. 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करा, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. कसूर ठरलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. हात जोडून केलेल्या दहा विनंत्यांपेक्षा एक अपील भारी पडतं.

आणि मागणी एकच लावून धरू: बापाकडे किंवा आईकडच्या माहेरच्या बापाकडे नव्हे, ज्या पित्याच्या घराण्यावरून तुम्ही जात ठरवता, त्याच घराण्यात एकदा वैधता दिलीत ना? मग लेकराला ती शाळाप्रवेशासोबत, न मागता द्या. आमची जात गावाने कधी पुरावा मागून ठरवली नव्हती. हक्क द्यायची वेळ आली तेव्हाच सरकारला कागद आठवला.