पाकिटावरचे दोन शब्द

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला मावशीकडे गेलो होतो. इंदुरात राहून सकाळी पोहे-जिलबीच्या गाडीकडे न फिरकणारा माणूस म्हणजे माझा मावसभाऊ. त्याला सीलिॲक आहे. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे त्याच्या लहान आतड्याला इजा होते, म्हणून पोळी, बाफले, जिलबी जन्मभर बंद. बाजारच्या बऱ्याच हिंगातही गव्हाचे पीठ असते, तेव्हा शेवसुद्धा मावशी घरीच पाडते.

दोन वर्षांपूर्वी निदान झाले तेव्हा तो नुसता काडी होता. गहू सुटला, अन्न अंगी लागू लागले, घरात आनंदीआनंद. आणि आता सोनोग्राफीत यकृतात चरबी निघाली! शेजारच्या काकांनी त्याला बाजूला घेऊन विचारले, "घेतोस का रे?" त्याने आजवर थेंबही चाखलेला नाही. लोकांना यकृत म्हटले की बाटलीच दिसते.

सीलिॲकमध्ये निदानाच्या वेळीही काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या असतात. गहू सोडल्यावर त्या बहुधा सुधारतात. ही मागाहून येणारी चरबी निराळी. आतडे बरे झाले की पूर्वी वाया जाणारे अन्न पुरते पचते, आणि पोटात काय जाते? मी त्याचे डबे उघडून पाहिले. तांदळाच्या आणि मक्याच्या पिठाची बिस्किटे, केक. साखर-तेल भरपूर, चोथा नावाला.

मी वाणिज्य शाखेचा, वैद्यक मला कळत नाही; पाकीट मात्र वाचता येते. किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसले की 'ग्लुटेन-फ्री' छापता येते. साखरेबद्दल ते दोन शब्द काहीच सांगत नाहीत, आणि आपण मात्र त्यांनाच पथ्य समजतो. निदान करताना "गहू सोडा" एवढेच सांगून रुग्णाला घरी पाठवणे मला अर्धवट उपचार वाटतो. 2021 साली केंद्र सरकारने फॅटी लिव्हरला राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. मग सीलिॲकच्या रुग्णाचे वजन आणि यकृतही दरवर्षी पाहायला काय हरकत आहे? वजनाचा दहावा हिस्सा उतरला तरी ही चरबी पुष्कळ कमी होते.

सोयाबीन पसरण्यापूर्वी माळव्यात ज्वारी भरपूर होती. आपण भाकरी म्हणतो, कन्नड विभागातले मित्र जोळद रोट्टी म्हणतात. तिच्यात ग्लुटेन नाही. मावशीची अडचण खरी होती : गिरणीत गव्हावरच ज्वारी दळतात. मी बसून तिला त्या पाकिटांचा वर्षाचा खर्च मांडून दाखवला. घरघंटी त्यात सहज बसते.