हातात आल्यानंतर

२३ सप्टेंबर या तारखेला महाराष्ट्राच्या पोलीस इतिहासात दोन नोंदी आहेत आणि त्यांच्यात बरोबर दहा वर्षांचे अंतर आहे. २०१४ साली याच दिवशी सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात पोलीस चकमकींसाठी सोळा नियम घालून दिले. मूळ तक्रार मुंबईचीच होती. १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे. २०२४ साली याच दिवशी संध्याकाळी तळोजा कारागृहातून बदलापूरकडे नेला जाणारा एक आरोपी मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर पोलिसांच्याच गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला. योगायोगच म्हणायचा, पण दहावा वाढदिवस असा साजरा झालेले दुसरे नियम आठवत नाहीत.

अटक कशी करावी, हे कायद्याने फार साधेपणाने सांगितले आहे. माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन झाला तर प्रश्नच मिटला. नाही झाला तर अंगाला हात लावावा, अडवावे. त्याने झटापट केली, हिसका देऊन पळू लागला, तर अटकेसाठी आवश्यक ती सर्व साधने वापरावीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४६ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ झाले. यातले 'सर्व साधने' हे शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतात, त्यांच्या आधीचा 'आवश्यक' मात्र गळून पडतो. नव्या संहितेत तीनच कलमे पुढे तो पुन्हा येतो: माणूस निसटू नये इतपतच बंधन, त्याहून जास्त नाही.

अटकेच्या या कलम ४३ मध्येच आणखी एक वाक्य आहे. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा अटक करताना जीव घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही. हे वाक्य उलटे वाचायची आपल्याकडे खोड आहे. म्हणजे गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर गोळी घालायला मोकळीक! कायद्यात अशी मोकळीक कुठेही दिलेली नाही. आरोप कितीही भयंकर असो, तो आरोपच असतो आणि बळ वापरायचे ते आरोपासाठी नव्हे, समोर चाललेल्या प्रतिकारासाठी. प्रतिकार संपला की अधिकारही तिथेच संपतो. माणूस हातात आल्यानंतरचा पहिला रट्टा आणि त्याच्या क्षणभर आधीचा रट्टा दिसायला सारखेच असतात. पण पहिला गुन्हा ठरतो आणि दुसरा कर्तव्य. सगळा वाद या क्षणाचा आहे.

बदलापूरच्या गाडीत तो क्षण नेमका कुठे होता? हा माणूस अटक टाळत नव्हता. तो आधीच कोठडीत होता. शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्या संतापातून २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात लोकांनी तासन्‌तास गाड्या रोखल्या होत्या. पोलिसांचे म्हणणे असे की, त्याने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि स्वसंरक्षणार्थ त्याच्यावर गोळी चालवावी लागली. उच्च न्यायालयाने विचारले, इतक्या जणांना एक माणूस आवरला नाही? गोळी पायावर का नाही मारली? पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका ठेवला. ठपका म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे त्या पोलिसांच्या बाबतीतही तितकेच खरे.

पायाचा प्रश्न मात्र आम्हाला तितकासा पटत नाही. धावत्या गाडीत, हातभर अंतरावर कोणी पिस्तूल रोखले असेल तर पाय शोधत बसायला वेळ नसतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पिस्तूल त्याच्या हाताशी आलेच कसे? त्याच्या शेजारी कोण बसले होते, शस्त्र कोणत्या बाजूला होते, हात मोकळे होते की बेडीत? सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सरसकट बेड्या घालणे अमानुष ठरवले, तेव्हापासून बेडी हा पोलिसांना अडचणीचा विषय झाला होता. नव्या संहितेने खून, बलात्कार, बालकांवरील लैंगिक गुन्हे अशा प्रकरणांत बेडी घालण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. ती मुभा येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. बेडी क्रूर खरीच, पण गोळीपेक्षा खूपच मवाळ. आरोपीला कोर्टात किंवा ठाण्यात नेणारे पथक म्हणजे आपल्याकडे उरलेसुरले मनुष्यबळ; बंदोबस्तातून उरतील ते शिपाई आणि मिळेल ती गाडी. प्रतिकार होण्याआधीच तो निम्मा मोडायचा असतो, हे शिकवायला वेळ कोणाला आहे?

आणि आपण वाचक, प्रेक्षक, मतदार? त्या रात्रीनंतर मुंबईत 'बदला पुरा' असे फलक झळकले. शहराच्या नावावर कोटी करण्याची हौस एवढ्या लवकर भागलेली क्वचितच पाहिली असेल. आम्ही पत्रकारही काही कमी नाही. 'चकमकफेम' हा शब्द मराठी वृत्तपत्रांनीच घडवला आणि मिरवला. 'सौम्य लाठीमार' हाही आमचाच. ज्याच्या पाठीवर तो झाला त्याला सौम्य म्हणजे काय, हे आम्ही कधी विचारले नाही. 'पळताना पडून पाय मोडला' हे वाक्य आम्ही जसेच्या तसे छापतो. कोयता फिरवणाऱ्या पोरांची त्यांच्याच वस्तीतून धिंड निघते, ती लंगडत चालतात, आणि त्या चित्रफितीला टाळ्या पडतात. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत लखनभैयाला 'चकमकीत' मारले गेले, तेव्हाही बातमी ठरलेल्या साच्याचीच होती. ती चकमक बनावट होती, हे न्यायालयात ठरायला वर्षे लागली आणि एका चकमकफेम माजी अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती मार्च २०२४ मध्ये. बदलापूरच्या सहा महिने आधी.

प्रतिकार म्हणजे काय, हे महाराष्ट्र पोलिसांना कोणी शिकवायची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडे शस्त्र म्हणून लाठी होती आणि समोर एके-४७. त्यांनी नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सहकाऱ्यांना वेळ मिळवून दिला. त्या सहकाऱ्यांनी दहशतवादी अजमल कसाबला झोडपले. कायद्याने त्यांना तो अधिकार होता. तिथे जीव घेतला असता तरी कोणी बोट दाखवले नसते. पण तो निश्चल झाल्यावर हात थांबले आणि त्याला रुग्णालयात नेले. सहकाऱ्याचा देह समोर पडलेला असताना थांबलेले हात!

तो जिवंत सापडला म्हणून कट उलगडला, तो कुठून आला हे जगासमोर मांडता आले. आर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात साक्षीपुरावे झाले, त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, ६ मे २०१० रोजी फाशी सुनावली गेली, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. 'बिर्याणी खाऊ घालताय' म्हणून त्या चार वर्षांत ओरड करणारे पुष्कळ होते. आज त्या निकालपत्राच्या एकेका पानावर देश बोट ठेवू शकतो.

बदलापूरच्या त्या आरोपीपुरते असे निकालपत्र आता कधीच येणार नाही. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला कायद्याने संपतो. तो दोषी होता की नव्हता, हे कोणतेही न्यायालय त्या दोन मुलींच्या आईवडिलांना सांगू शकणार नाही. मुली मोठ्या होतील. आपल्या प्रकरणाचे पुढे काय झाले, असे कधी त्यांनी विचारले, तर दप्तरात त्यांना एवढीच नोंद सापडेल: आरोपी मयत.