सीतेच्या वेणीचे अन्न

वळवाच्या सरी पडून गेल्या, की खानापूर तालुक्यात, आमच्या नंदगडपासून जांबोटी-कणकुंबीकडील रानापर्यंत, आंब्याफणसांवर सीतेची वेणी लोंबू लागते. कित्येक बांधव तिला बांडगूळ समजून कोयत्याने उतरवितात. आमच्या मते हा तिच्यावर अन्याय होय. बांडगूळ झाडाच्या लाकडात शिरून त्याचा रस पिते. सीतेची वेणी ही आमरी. ती सालीस केवळ धरून बसते.

मग ती खाते काय? तिच्या जाड मुळांवर रुपेरी पांढरे आवरण असते. ते मृत, पोकळ पेशींचे बनलेले असून स्पंजाप्रमाणे काही क्षणांत पाणी शोषते आणि मूळ हिरवे दिसू लागते. पावसाच्या पहिल्या पाण्यात पानांवरची धूळ व सालीवरचे क्षार उतरलेले असतात. हेच सकस पाणी आमरी पकडून ठेवीत असावी, असा तर्क फ्रिट्स वेन्ट यांनी जावा बेटातील जंगल पाहून १९४० साली मांडला. जर्मनीतील झोट्झ व विंकलर यांनी २०१३ साली तो प्रयोगाने पडताळला. क्षारांच्या कणांवर विद्युत्भार असतो. आवरणाच्या पेशीभित्तींवरही तो असल्यामुळे कण तेथे अडकतात आणि आतील जिवंत पेशी त्यांना सावकाश आत घेतात. भाररहित कण मात्र पुन्हा निसटतात. युरिया असाच भाररहित. शेतात मातीतील जंतू त्याचे अमोनियम करून देतात. टांगलेल्या मुळास माती कुठली?

वाऱ्याने मोडलेल्या फांदीवरील वेणी ज्यांनी सोप्यात टांगली असेल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. (रानातील झाडावरून ती ओरबाडून आणणे आम्हांस मुळीच मान्य नाही.) शेतातली मूठ येथे चालत नाही. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटते, तसे तीव्र खत मुळातले पाणी ओढून घेते व टोके काळी पडतात. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम पुरे. तेही कोरड्या, पांढऱ्या मुळांवर शिंपडावे. आधी साधे पाणी ओतले तर स्पंज भरून जातो आणि खत बाहेरच राहते. मधूनमधून निव्वळ पाण्याने मुळे धुवावीत. थंडीत मुळांची हिरवी टोके वाढेनाशी झाली, की खत बंद करावे.